बसतो, पण चालेल का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाच्या दुकानात नवा प्रोसेसर मागितला की काउंटरमागचा माणूस किंमत सांगण्याआधी विचारतो, "बोर्ड कुठला?" गिऱ्हाइकाला मॉडेल सांगता आले नाही, तर तो बोर्डाचा फोटो मागतो किंवा सरळ कॅबिनेटच घेऊन यायला सांगतो. घाईत असलेल्या माणसाला हा खोळंबा वाटतो. पण या दोन शब्दांच्या प्रश्नामागे चाळीस वर्षांहून मोठा इतिहास आहे. पिना वाकवून, बोर्ड जाळून, नवाकोरा प्रोसेसर बसवूनही "डिस्प्ले येत नाही" म्हणत दुकानाच्या फेऱ्या मारून लोक हा प्रश्न विचारायला शिकले आहेत.

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे ही एक गोष्ट आणि तो चालणे ही दुसरी. सुरुवातीला या दोन्ही जवळजवळ एकच होत्या. त्या एकमेकींपासून कशा दुरावल्या, हे पाहू लागले की घरच्या संगणकाचा निम्मा इतिहास हाती लागतो.

आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. वीस-वीस पायांच्या दोन रांगा असलेली ती लांबट काळी चिप दिसायला गोमेसारखी. तिच्या शेजारी बोर्डावर तशाच चाळीस पायांचे आणखी एक सॉकेट होते आणि ते मुद्दाम रिकामे सोडलेले होते. अपूर्णांकांची आकडेमोड झपाट्याने करणारा ८०८७ हा जोड-प्रोसेसर ज्याला हवा त्याने तो वेगळा विकत घ्यावा आणि तिथे दाबून बसवावा, अशी ती सोय. बसवल्यावर एक काम उरायचे. बोर्डावरच्या बारक्या स्विचांपैकी एक फिरवावा लागे, तेव्हा कुठे संगणकाला आत नवा पाहुणा आल्याचे कळे. बसवणे आणि कळवणे हे दोन टप्पे पहिल्या पीसीपासूनच वेगळे होते. फक्त त्यातला दुसरा टप्पा तेव्हा एका स्विचाएवढाच होता.

१९८४ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीची व्ही२० ही चिप आली. तिचे पाय ८०८८ च्या पायांशी एकास एक जुळत. जुनी चिप पेचकसाच्या टोकाने हळूच उचकटायची, तिच्या जागी व्ही२० दाबायची, की तोच पीसी त्याच मेगाहर्ट्झवर पहिल्यापेक्षा चपळ चाले. आपल्या मायक्रोकोडची नक्कल झाली, असा इंटेलचा आरोप होता. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने निकाल दिला की एनईसीने नक्कल केलेली नाही.

पायास पाय जुळणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या चिपा बाजारात येऊ शकल्या, त्याला आयबीएमच्या एका सावध सवयीचाही हातभार होता. महत्त्वाचा सुटा भाग एकाच पुरवठादाराकडून घ्यायला आयबीएम तयार नसे. म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि आपल्याच रचनेचे प्रोसेसर एएमडीलाही बनवू दिले. पुढे ३८६ च्या वेळी इंटेलने रचना द्यायचे नाकारले. लवादात आणि कोर्टात भांडणे लागली. अखेर मार्च १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा एएम३८६ बाजारात आणला. इंटेलचा ३८६ जास्तीत जास्त ३३ मेगाहर्ट्झवर चाले, एएमडीचा ४० वर, आणि पिनांची मांडणी मात्र अगदी तीच. बोर्ड बनवणाऱ्याला वेगळे काही करावे लागले नाही. सॉकेट हा सार्वजनिक पाणवठा असावा तसे ते दिवस होते: ज्याच्याकडे घडा आहे त्याने यावे आणि भरून घ्यावा. या पाणवठ्याला कुंपण घालायचे की नाही, हा पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

१९८९ च्या ४८६ ला १६८ पिना होत्या, चौकोनी चिपेच्या पोटाखाली ओळीने रोवलेल्या. एवढ्या पिना एकाच वेळी सॉकेटात दाबायच्या म्हणजे अंगठ्यांचा पूर्ण जोर लागे. बोर्ड खाली वाकताना दिसे. काढताना एका बाजूने जरा जास्त उचलले गेले तर पिनांची रांगच्या रांग मुडपे. १९९१ मध्ये इंटेलने स्वस्तातला ४८६एसएक्स काढला. त्याच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये आकडेमोडीचा भाग सिलिकॉनवर होता, पण तो बंद करून ठेवलेला. ज्याला तो हवा त्याने शेजारच्या सॉकेटात ४८७एसएक्स नावाची चिप घालायची. तिला एक पिन जास्त, म्हणजे १६९. ही १६९ वी पिन जागेवर बसली की मूळ प्रोसेसर गप्प होई आणि सगळे काम नवी चिप एकटी करी, कारण ती खरे तर पूर्ण ताकदीचा ४८६ च होती. गिऱ्हाइकाने दोन चिपांचे पैसे मोजायचे आणि एक चिप कायमची झोपवून ठेवायची. हा व्यवहार आज वाचतानाही खटकतो. जुळणी कोणाशी व्हावी आणि कोणाशी होऊ नये, हे एका जास्तीच्या पिनेने ठरवता येते, हा धडा मात्र त्यातून सगळ्यांनी घेतला.

याच सुमारास सॉकेटांना क्रमांक मिळाले: सॉकेट १, सॉकेट २, सॉकेट ३. आणि एक साधी पण फार मोलाची गोष्ट आली, ती म्हणजे बाजूची तरफ. तरफ उचलली की भोके सैल, चिप आपल्या वजनाने आत उतरते. तरफ खाली केली की पिना घट्ट धरल्या जातात. प्रोसेसर बदलणे हे काम त्या दिवसापासून कारागिराच्या हातून सुटून घरच्या माणसाच्या हाती आले. १९९४ च्या अखेरीस याची परीक्षाही झाली. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली आणि २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचे मान्य केले. कंपनीला या प्रकरणाचा ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. बदली चिप आली की तरफ उचलून ती स्वतःच बसवणे आता सामान्य वापरकर्त्याला जमण्यासारखे होते.

तरफेने हाताचा त्रास संपवला, पण तेवढ्यात व्होल्टेजचा सुरू झाला. जुन्या चिपा ५ व्होल्टवर चालत. वेग वाढला तशी उष्णता वाढली, म्हणून व्होल्टेज खाली आणावे लागले. १९९४ चा ४८६डीएक्स४ हा ३.३ व्होल्टचा. सॉकेट ३ च्या बोर्डांवर दोन्हींची सोय असे आणि निवड करायची ती जंपरने, म्हणजे दोन उघड्या टाचण्यांवर टोपी घालावी तशी ती काळी चिमुकली कडी. जंपर चुकला तर ३.३ व्होल्टच्या चिपेत ५ व्होल्ट जात. आकार जुळला, पिना जुळल्या, आणि तरीही चिप कायमची गेली, असे आता होऊ लागले. पेंटियमच्या पहिल्या गिऱ्हाइकांची तऱ्हा आणखी वेगळी. १९९३ चे ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम २७३ पिनांच्या सॉकेट ४ मध्ये बसत, ५ व्होल्टवर. मार्च १९९४ मध्ये ३.३ व्होल्टचे पेंटियम ३२० पिनांच्या सॉकेट ५ मध्ये आले. वर्षभरापूर्वी हौसेने महागडा बोर्ड घेतलेल्यांना हे नवे पेंटियम आपल्या सॉकेटात बसवायची वाटच उरली नाही.

मग सॉकेट ७ आले, आणि घरच्या संगणकाच्या इतिहासातला सर्वांत मोकळा काळ सुरू झाला. ३२१ पिनांच्या या सॉकेटात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचे के५ आणि के६ बसत, सायरिक्सचा ६एक्स८६ बसे, आयडीटीचा विनचिपही बसे. चार कंपन्या, एक सॉकेट.

या मोकळेपणात पुण्याचा एक धागा आहे. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीचे. इंटेलमध्ये पेंटियमच्या कामाचे नेतृत्व केल्यामुळे त्यांना 'पेंटियमचे जनक' म्हटले जाते. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन नावाच्या लहान कंपनीत गेले. नेक्सजेनचा एनएक्स५८६ हा प्रोसेसर हुशार होता, पण त्याचे सॉकेट वेगळे, चिपसेट वेगळा, बोर्ड वेगळा. बाजारात हजारो बोर्ड पडलेले असताना त्यातल्या एकावरही तो चालत नव्हता. एएमडीने नेक्सजेन विकत घेतली आणि तिच्या पुढच्या पिढीच्या प्रोसेसरवर महत्त्वाचा संस्कार केला: तो सॉकेट ७ मध्ये बसेल असा करून घेतला. हाच एप्रिल १९९७ चा के६. नेक्सजेनची बुद्धी आणि सर्वांचे सॉकेट एकत्र आले तेव्हा इंटेलसमोर पहिल्यांदा खरा प्रतिस्पर्धी उभा राहिला. चांगला प्रोसेसर कुठल्या भोकांत बसतो यावर कंपनीचे नशीब कसे ठरते, याचे के६ पेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. धाम यांना २०२५ मध्ये पद्मभूषण जाहीर झाला.

मोकळेपणाची किंमत मात्र वापरकर्त्याला डोके लावून मोजावी लागे. साधा पेंटियम ३.३ व्होल्टचा. जानेवारी १९९७ चा पेंटियम एमएमएक्स आत २.८ आणि बाहेर ३.३ अशा दुहेरी व्होल्टेजचा. के६ चे १६६ आणि २०० मेगाहर्ट्झचे नग २.९ व्होल्टचे, तर २३३ चा ३.२ चा. १९९८ चा के६-२ थेट २.२ वर उतरलेला. सायरिक्सच्या पी२००+ ला बोर्डाची बस, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा मार्ग, नेहमीच्या ६६ ऐवजी ७५ मेगाहर्ट्झवर पळावी लागे. सगळे एकाच सॉकेटात बिनबोभाट बसत, आणि बोर्डाला २.२ व्होल्ट देताच येत नसेल तर के६-२ त्यात बसून काही उपयोग नसे. म्हणून बोर्डासोबत येणारी ती पातळ पुस्तिका सोन्यासारखी जपली जाई. कुठला जंपर कुठे म्हणजे किती व्होल्ट, कुठला कुठे म्हणजे बसच्या किती पट वेग, याचे तक्ते तिच्यात असत. पुस्तिका हरवली तर बोर्डाच्या पृष्ठभागावर बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेला तक्ता टॉर्च धरून वाचायचा. चिमट्याने जंपर हलवणारे, के६ चे व्होल्टेज तोंडपाठ असलेले कारागीर या काळाने घडवले. लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसचा असेंबल्ड संगणकांचा धंदा अशा हातांवर उभा राहिला.

जुन्या बोर्डवाल्यांची कदर करणारी एक युक्ती इथे सांगायलाच हवी. ज्या बोर्डांची बस ६६ मेगाहर्ट्झच्या पुढे जात नसे, त्यांना ४०० मेगाहर्ट्झ गाठायला सहापट वेग हवा. पण जंपरवर सहापटीची सोयच नव्हती. नंतरच्या के६-२ चिपांमध्ये एएमडीने असे केले की बोर्डाने 'दोनपट' सांगितले तर चिपेने ते 'सहापट' असे समजायचे. दोनपटीवर इतक्या वेगवान चिपा कोणीच चालवणार नव्हते, त्यामुळे तो जंपर रिकामाच पडला होता. बोर्डाला न बदलता त्याच्या तोंडून नवा शब्द काढून घेण्याची ही कारागिरी होती.

इंटेलने मात्र पाणवठा सोडला. मे १९९७ मध्ये पेंटियम २ आला तो सॉकेटात बसणारी चिप म्हणून आलाच नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद, कॅसेटसारखा, तो २४२ संपर्कांच्या स्लॉट १ मध्ये उभा खोचायचा. त्याला तांत्रिक कारण होते: कॅशे मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ त्याच पट्टीवर ठेवायची होती. व्यापारी परिणामही तितकाच स्पष्ट होता. या प्रोसेसरच्या बसवर इंटेलचे हक्क होते, त्यामुळे एएमडीला तिथे पाय ठेवता येईना. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, एएमडीने अॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला. त्यासाठी जो जोड वापरला तो स्लॉट १ चाच होता, फक्त बोर्डावर उलट दिशेने बसवलेला. विजेची भाषा मात्र डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची. दिसायला जुळी भावंडे, बोलायला परकी. एका सॉकेटात चार कंपन्या हे दृश्य इथे संपले ते पुन्हा परतले नाही. बोर्ड घेतानाच घर इंटेलचे की एएमडीचे हे ठरू लागले.

स्लॉट फार टिकला नाही. कॅशे चिपेच्या आतच मावू लागली आणि १९९९ मध्ये सॉकेट ३७० आले. जुन्या स्लॉट १ बोर्डवाल्यांसाठी तैवानच्या कंपन्यांनी 'स्लॉकेट' काढले: स्लॉटमध्ये खोचायची पट्टी आणि तिच्यावर सॉकेट. पण सॉकेट ३७० ने एक वाईट पायंडाही पाडला. त्यात बसणाऱ्या प्रोसेसरांच्या तीन पिढ्या झाल्या, तिघींच्या पिना ३७० च, आणि २००१ च्या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे टुआलाटिनच्या, संकेतांचे व्होल्टेज १.५ वरून १.२५ वर आले होते. जुन्या बोर्डात तो सहज उतरे आणि मुका बसून राही. नाव तेच, भोके तीच, नाते तुटलेले. पॉवरलीपसारख्या कंपन्यांनी मध्ये बसणारे अडॅप्टर विकून हे तुटलेले नाते जोडून दिले.

एएमडीनेही दुसऱ्या बाजूला चांगले काम केले ते नोंदवायला हवे. २००९ मध्ये डीडीआर३ मेमरीसाठी एएम३ सॉकेट आले तेव्हा एएम३ प्रोसेसरच्या पोटात डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींचे नियंत्रक ठेवलेले होते. प्रोसेसरला ९३८ पिना, त्यामुळे तो जुन्या ९४० भोकांच्या एएम२+ बोर्डातही बसे आणि बायोस, म्हणजे बोर्डावरचे प्रोसेसर ओळखणारे मूळ सॉफ्टवेअर, नवा असेल तर चाले. उलट, ९४० पिनांचा जुना प्रोसेसर नव्या एएम३ बोर्डात घालायला गेले तर दोन पिनांना जागाच नसे. जे चालणार नाही ते बसणारही नाही, असा प्रामाणिकपणा सॉकेटांच्या इतिहासात क्वचित दिसतो. त्याच घराण्यातल्या एएम३+ ला मात्र तो टिकवता आला नाही. २०१३ चा एफएक्स-९५९० तब्बल २२० वॉटचा होता आणि त्या सॉकेटाचे नेहमीचे बोर्ड ९५ किंवा १२५ वॉटच्या हिशेबाने बांधलेले. तो बसे सगळ्यांत, पेले मोजक्यांनाच.

इंटेलकडे वळताना थोडे मागे जाऊ. जून २००४ मध्ये इंटेलने पिना प्रोसेसरवरून उचलून बोर्डावर नेल्या. एलजीए ७७५ च्या प्रोसेसरला खालून फक्त सोनेरी ठिपके. केसासारख्या पिना सॉकेटात. वाकलेल्या पिनेचे संकट स्वस्त बोर्डाकडे सरकले. सॉकेट बरीच वर्षे टिकले, पण त्यात राहणारी कुटुंबे बदलत गेली. २००६ च्या जुलैत कोअर २ ड्युओ आला तेव्हा त्याला वीज पुरवण्याचे नवे परिमाण लागत होते, आणि दोनच वर्षांपूर्वीचे ७७५ बोर्ड त्या परिमाणात बसत नव्हते. तैवानच्या अॅसरॉकने या अडचणीतच आपला बाजार शोधला. तिच्या ४कोअरड्युअल-व्हीएसटीए या बोर्डावर जुनी डीडीआर आणि नवी डीडीआर२, जुने एजीपी आणि नवे पीसीआय एक्सप्रेस असे सगळे एकत्र नांदत होते. पगारातून एकेक भाग बदलणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेला तो बोर्ड होता.

तोवर जंपर संपले होते. प्रोसेसरच्या काही पिना आपल्याला किती व्होल्ट हवे ते बोर्डाला स्वतःच सांगू लागल्या होत्या. बाकीची ओळख बोर्डावरच्या बायोसने करून द्यायची. आणि इथे प्रश्न डोळ्यांआड गेला. जंपर चुकला तर दिसत होता. बायोसची आवृत्ती जुनी आहे हे कॅबिनेट उघडूनही कळत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा राहतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये या अदृश्य कुंपणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण घडले. इंटेलचे आठव्या पिढीचे कॉफी लेक प्रोसेसर आले, सॉकेट एलजीए ११५१, म्हणजे आधीच्या दोन पिढ्यांचेच. तरीही ते चालणार फक्त ३०० मालिकेच्या नव्या चिपसेटवर. जास्त गाभ्यांना (कोअरना) जास्त वीज लागते, हे इंटेलचे म्हणणे. पिनांच्या मांडणीत बदल झालेला खराच होता: वीज नेणाऱ्या पिना १२८ वरून १४६ झाल्या होत्या, राखीव पिनांमधून घेतलेल्या. पण काही महिन्यांतच हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून, काही ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून हे प्रोसेसर झेड१७० आणि झेड२७० बोर्डांवर चालवून दाखवले. विजेचे कारण खोटे नव्हते, पण संपूर्णही नव्हते. चांगल्या बांधणीचे कितीतरी जुने बोर्ड तो भार उचलू शकत होते, आणि त्यांच्या मालकांना नवा बोर्ड घ्यायला लावले गेले.

एएमडीने त्याच काळात उलट वचन दिले होते. १३३१ पिनांचे एएम४ सॉकेट २०२० पर्यंत पाळू, असे तिने सांगितले आणि मार्च २०१७ मध्ये रायझन आले. वचन पाळताना आलेली अडचण कोणी कल्पिली नसेल अशी होती: बायोसच्या चिपेत जागा पुरेना. बऱ्याच बोर्डांवर ती १६ मेगाबाइटची. दर पिढीच्या प्रोसेसरांची ओळख तिच्यात भरत गेली आणि घर तुडुंब झाले. एमएसआयने काही बोर्डांच्या बायोसमधली चित्रमय सजावट काढून साधा पडदा दिला, एवढीशी जागा मोकळी करायला. पुढे २०१९ मध्ये ३२ मेगाबाइट चिपेचे 'मॅक्स' बोर्ड काढले. दुसरा पेच अंडे आधी की कोंबडी असा. नवा प्रोसेसर चालायला नवा बायोस हवा, आणि नवा बायोस घालायला चालणारा प्रोसेसर हवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये ज्यांचे नवे रायझन जुन्या बायोसवर अडले, त्यांना एएमडीने टपालाने एक साधा ए६-९५०० प्रोसेसर उसना पाठवला. बायोस अद्ययावत करा आणि परत करा. मोठी कंपनी वापरकर्त्याशी इतक्या सरळपणे वागल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तरी मे २०२० मध्ये त्याच एएमडीने जाहीर केले की पुढची पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. आदल्या वर्षी बी४५० बोर्ड घेतलेले लोक खवळले. त्यांच्याकडे कंपनीचेच शब्द होते, 'मॅक्स' बोर्डांच्या जाहिराती होत्या, आणि बायोसची जागा, विजेचा पुरवठा यांचा मुद्देसूद हिशेब मांडणारी माणसे होती. बारा दिवसांत, १९ मे रोजी, एएमडीने निर्णय फिरवला आणि बी४५० व एक्स४७० ला पाठिंबा दिला. २०२२ मध्ये पहिल्या, म्हणजे ३०० मालिकेच्या बोर्डांनाही तो मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला, आणि २०१७ साली घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर तो सुरू झाला. पाच वर्षांचा बोर्ड, आणि खेळांसाठी तेव्हाच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक. हा विजय अभियंत्यांइतकाच तक्रार करणाऱ्यांचाही आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीनेही १७१८ संपर्कांच्या एएम५ पासून पिना बोर्डावर नेल्या. अंडे-कोंबडीच्या पेचावर आता अनेक बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते: प्रोसेसर नसला तरी फक्त वीज आणि पेनड्राइव्ह जोडून नवा बायोस घालता येतो. जुळणीची यादीही बोर्ड कंपनी स्वतः देते, आणि त्या यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची आवृत्ती लिहिलेली असते. पण यादी वाचणारे कमी आणि सॉकेटाचे नाव पाहून पैसे मोजणारे जास्त.

म्हणून प्रोसेसर घ्यायला निघालेल्या वाचकाला एवढेच सांगणे. खोक्यावरचे नाव पुरेसे मानू नका. कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेले मॉडेल आणि त्याजवळचा 'रेव्ह' हा आकडा उतरवून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या याद्या वेगळ्या असू शकतात. यादीत आपला प्रोसेसर आणि त्याच्यासमोरची बायोस आवृत्ती दोन्ही पाहा. नवा बायोस जुन्या प्रोसेसरांची ओळख पुसणार असेल तर तशी सूचना तिथेच असते; तीही वाचा. बोर्डाला फ्लॅशबॅकचे बटण नसेल तर जुना प्रोसेसर जागेवर आणि चालू असतानाच बायोस बदला, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत वीज जाणार नाही अशी सोय आधी करा. जुना प्रोसेसर त्यानंतर काढा.